लाइट गेल्यावर डेटा टिकतो का? एसएसडी, हार्डडिस्क आणि मेमरी कार्डाची चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाचा पहिला वारा सुटला की माडाची झावळ तारेवर पडते. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पतसंस्था, आंब्याच्या वखारी, बर्फ कारखाने, घरगुती खानावळी, ई-सेवा केंद्रं, सगळीकडे आता हिशेब संगणकात आहे. आगोटीत आपण कौलं चाळतो, लाकूडफाटा आत घेतो. वीज मुद्दाम तोडून डेटा टिकतो का ते पाहण्याची ड्राइव्हची ही चाचणीही त्याच दिवसांत, पाऊस सुरू होण्याआधी उरकण्यासारखी आहे. खालची माहिती संगणक दुरुस्ती करणारे, संस्थांचे संगणक सांभाळणारे आणि थोडं सोल्डरिंग जमणारे अशांसाठी आहे. ज्यांना फक्त ड्राइव्ह विकत घ्यायचा आहे त्यांनी 'पॉवर लॉस प्रोटेक्शन'चा आणि यूपीएसचा प्रश्न आधी वाचावा.

लाइट गेली तर चालू काम जाणार हे कळतं. पण 'सेव्ह' केलेलं कसं काय जातं?

कारण 'सेव्ह' दाबल्यावर डेटा लगेच ड्राइव्हच्या चिपवर पोचत नाही. वाटेत त्याचे दोन मुक्काम असतात. पहिला संगणकाच्या रॅममध्ये. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला लिहिलेला डेटा साधारण ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच पडून राहू शकतो. प्रोग्रामने 'एफसिंक' म्हणून खास हुकूम दिला, तरच तो तातडीने खाली ढकलला जातो. दुसरा मुक्काम खुद्द ड्राइव्हच्या आत आहे. हार्डडिस्कला (फिरत्या तबकडीवर लिहिणारी) आणि बहुतेक एसएसडींना (चिपवर लिहिणाऱ्या) स्वतःची राइट कॅश असते, म्हणजे वेग वाढवणारी तात्पुरती मेमरी. डेटा तिथे आला की ड्राइव्ह 'मिळालं' म्हणून मोकळा होतो, आणि कायमच्या जागी नंतर सवडीने लिहितो.

ही कॅश रिकामी करण्यासाठी संगणक 'फ्लश' नावाचा आदेश देतो. नियम असा की फ्लशला 'झालं' म्हणायचं ते डेटा कायमच्या जागी बसल्यावरच. काही ड्राइव्ह आणि बाहेरून जोडायच्या ड्राइव्हची यूएसबी खोकी हा नियम पाळत नाहीत. ती आधी 'झालं' म्हणतात आणि मग लिहितात. लाइट असेपर्यंत हे कोणाच्याच लक्षात येत नाही, उलट असा ड्राइव्ह वेगवान वाटतो.

मग चाचणीत नेमकं तपासायचं काय?

एकच वचन. ज्या डेटाची ड्राइव्हने फ्लशनंतर पोच दिली, तो लाइट परत आल्यावर जसाच्या तसा मिळाला पाहिजे. ज्याची पोच आलीच नव्हती तो गेला तर ड्राइव्हचा दोष नाही. पोच दिलेल्यातली एक जरी नोंद हरवली, तरी त्या ड्राइव्हवर पतसंस्थेचं रोजकीर्द ठेवू नये.

या वचनाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. महिनाभरापूर्वी लिहून ठेवलेला, आज कोणी हातही न लावलेला डेटासुद्धा तसाच राहिला पाहिजे.

आज न शिवलेला जुना डेटा लाइट गेल्याने कसा बिघडेल?

एसएसडीत बिघडू शकतो, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण चिपच्या रचनेत आहे. एका सेलमध्ये दोन, तीन किंवा चार बिट साठवतात, आणि ते वेगवेगळ्या पानांचे असतात (पान म्हणजे एकदम लिहिला जाणारा डेटाचा तुकडा). खालचं पान आधी लिहिलेलं असतं. वरचं पान लिहिताना त्याच सेलमधला विद्युतभार पुन्हा हलवावा लागतो. हे काम काही मिलिसेकंदांत उरकतं, पण नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर वरचं पान अर्धवट राहतंच, शिवाय आधीचं, पोच देऊन झालेलं खालचं पानही वाचता येईनासं होऊ शकतं.

दुसरं कारण अधिक घातक आहे. कुठला डेटा कुठल्या चिपवर, कुठल्या पानावर आहे याचा एक नकाशा एसएसडी सतत बदलत ठेवतो. त्याचा बराचसा भाग कॅशमध्ये असतो. हा नकाशाच फाटला तर डेटा चिपवर असूनही सापडत नाही. मग संगणक ड्राइव्ह ओळखतच नाही, किंवा आकार भलताच दाखवतो. २०११ मध्ये एका नामांकित कंपनीच्या एसएसडी अचानक वीज गेल्यावर ८ मेगाबाइटच्या दिसू लागल्या होत्या, आणि कंपनीला नवं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम, द्यावं लागलं होतं.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बाजारातल्या १५ एसएसडी घेऊन तीन हजारांहून जास्त वेळा वीज तोडली. १५ पैकी १३ मध्ये काही ना काही बिघाड आढळला. कुठे बिट बदलले, कुठे नोंदी अर्धवट लिहिल्या गेल्या, कुठे क्रम उलटला, आणि एखादा ड्राइव्ह पूर्णच मेला. तेव्हापासून फर्मवेअर सुधारले आहेत. पण कुठल्या मॉडेलचं सुधारलं, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

फाइल कॉपी करताना प्लग ओढून पाहिला, परत चालू केल्यावर सगळं ठीक दिसलं. एवढं पुरे नाही का?

नाही. फाइल सिस्टिम म्हणजे ड्राइव्हवरच्या फाइलींची मांडणी. तिचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ही मांडणी सावरून घेतं, त्यामुळे फोल्डर उघडतात, नावं दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. पण त्या क्षणी कोणत्या नोंदीची पोच आली होती, हे सांगायला कोणी साक्षीदारच नसतो. एक फाइल नाही दिसली, तर ती हरवली की लिहिलीच गेली नव्हती, हे कशावरून ठरवणार? पोच कुठल्या क्रमांकापर्यंत आली याची नोंद दुसऱ्या संगणकावर हवी. ती नसेल तर ही चाचणी होतच नाही.

चाचणीची मांडणी कशी करायची?

दोन संगणक लागतात. एक चाचणीचा, त्याला तपासायचा ड्राइव्ह जोडलेला. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दुसऱ्याच ड्राइव्हवर हवी. दुसरा संगणक साक्षीदार. जुना लॅपटॉप चालतो, पण त्याची बॅटरी शाबूत पाहिजे. दोघांना नेटवर्क केबलने जोडा. वायफाय नको, त्यात पोच उशिरा पोचते आणि मधल्या नोंदींबद्दल संशय राहतो.

चाचणीचा संगणक एका मागोमाग एक ४०९६ बाइटच्या नोंदी लिहितो. प्रत्येक नोंदीत तिचा अनुक्रमांक, ती ड्राइव्हवर कुठे बसायला हवी तो पत्ता, त्या क्रमांकावरूनच बनवलेला भरणा आणि शेवटी सीआरसी बेरीज, म्हणजे मजकूर बिघडला तर ओळखून देणारा आकडा. भरणा शून्यांचा ठेवू नका. ड्राइव्हमधले काही कंट्रोलर, म्हणजे लिहिणं-वाचणं सांभाळणाऱ्या चिप, शून्यं किंवा सारखाच मजकूर आवळून टाकतात आणि चिपवर खरं लिहिणं होतच नाही. पत्ता यासाठी की पूर्ण, धडधाकट नोंद चुकीच्या जागी सापडली तर ते ओळखता यावं. नकाशा बिघडल्याची ती थेट खूण आहे.

क्रम असा : नोंद लिहा, एफसिंक करा, ते यशस्वी परत आलं की मगच साक्षीदाराला तो क्रमांक पाठवा. साक्षीदार तो आपल्या फाइलीत उतरवून घेतो. याच धर्तीवर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००५ मध्ये लिहिलेली 'डिस्कचेकर' ही छोटी पर्ल स्क्रिप्ट आजही उपयोगी आहे. एका संगणकावर ती ऐकत बसते, दुसऱ्यावर फाइल लिहिते, आणि लाइट आल्यावर 'व्हेरिफाय' करून हरवलेल्या नोंदी मोजते. सुरुवात तिनेच करावी. पत्ता, भरणा आणि जुन्या डेटाची तपासणी हवी असेल तर स्वतःची स्क्रिप्ट लागते, शे-दीडशे ओळींचं काम आहे.

पहिला टप्पा फाइल सिस्टिमशिवाय, थेट ड्राइव्हवर लिहून करा. त्यात ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. दुसरा टप्पा रोजच्या वापरातली फाइल सिस्टिम टाकून. पहिल्या टप्प्यात पास आणि दुसऱ्यात नापास झाला, तर दोष ड्राइव्हचा नाही, वरच्या सेटिंगचा आहे.

सुरू करण्यापूर्वी ड्राइव्ह ८० ते ९० टक्के भरा आणि त्या भरण्याच्या शा-२५६ बेरजा (मजकुराचे ठसे) साक्षीदाराकडे ठेवा. कोऱ्या एसएसडीला घाई नसते. भरलेल्या एसएसडीला जुनी पानं हलवून जागा करावी लागते, आणि वीज गेली की खरी पंचाईत तेव्हाच होते. दर २५ फेऱ्यांनंतर (एक फेरी म्हणजे एकदा वीज तोडून जोडणं) हा सगळा जुना भरणा वाचून पाहा.

वीज नेमकी कुठून तोडायची? भिंतीवरचा खटका की ड्राइव्हची वायर?

दोन्हीकडून, आणि वेगवेगळ्या फेऱ्यांत. दोन्हींत वेगळं घडतं.

भिंतीकडून तोडली की संगणकाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आपल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांवर, पूर्ण भाराला साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, कमी भाराला जास्तच. आधी प्रोसेसर थांबतो, आणि ५ व्होल्टची लाइन हळूहळू उतरते. म्हणजे ड्राइव्हला शेवटचं आवरायला थोडी सवड मिळते. रोजच्या भारनियमनात हेच होतं. ड्राइव्हची वायरच तोडली तर ती सवड मिळत नाही. एसएमपीएस जळणं, सैल कनेक्टर, यूएसबी केबल निसटणं, या प्रकारांत असंच होतं.

२.५ इंची साटा (ड्राइव्ह केबलने जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी ५ व्होल्टवर चालते. पॉवर केबलमध्ये लाल वायर ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट, काळ्या अर्थच्या. ३.५ इंची हार्डडिस्कला लाल आणि पिवळी दोन्ही एकदम तोडाव्या लागतात. काळी वायर कधीही तोडू नका. अर्थ तुटली की करंट डेटा केबलमधून वाट काढतो आणि मदरबोर्डचा पोर्ट जातो.

सगळ्यात सोपी जोडणी एका ५ व्होल्टच्या रिले मॉड्यूलने, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्याने होते. हे नीट पाहून करा. रिलेला तीन टोकं असतात : मधलं 'कॉमन', एक 'नॉर्मली ओपन' आणि एक 'नॉर्मली क्लोज'. ड्राइव्हकडे जाणारी लाल वायर कॉमनला. एसएमपीएसकडून येणारी लाल वायर नॉर्मली ओपनला. नॉर्मली क्लोजला ४७ ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर लावून त्याचं दुसरं टोक काळ्या वायरला. रिले ओढलेला असताना ड्राइव्हला ५ व्होल्ट मिळतात. रिले सुटला की पुरवठा तुटतो, आणि ड्राइव्हमध्ये उरलेला भार रेझिस्टरमधून उतरून जातो. हा रेझिस्टर बरेच जण गाळतात. मग बोर्डावरचे छोटे कपॅसिटर भरलेलेच राहतात, ड्राइव्ह अर्धवट जागा असतो आणि वीज पुरती न जाताच परत येते. मल्टिमीटर लावून पाहा : कॉमनवर ०.३ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. १० सेकंदांची सवड सहसा पुरते. कपॅसिटरवाल्या एसएसडीला जास्त लागू शकते.

रिलेचे पत्रे जुळताना एक-दोन मिलिसेकंद थरथरतात. ही थरथर सैल कनेक्टरसारखीच असते, त्यामुळे चाचणीला चालते. दर वेळी अगदी सारखाच, स्वच्छ घाव हवा असेल तर रिलेच्या जागी पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटका, वापरा. रिलेला हुकूम साक्षीदार लॅपटॉपने द्यायचा, मध्ये एक आर्डुइनो (छोटा नियंत्रक बोर्ड) बसवून.

भिंतीकडच्या फेऱ्यांसाठी एमसीबी वरखाली करत बसू नका, तो रोज शंभरदा पाडण्यासाठी बनलेला नाही. लॅपटॉपवरून चालू-बंद होणारा तयार स्मार्ट प्लग घ्या. २३० व्होल्टच्या बाजूला हातची जोडणी नको, आणि पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून तर मुळीच नको. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, असलाच पाहिजे.

एम.२ एनव्हीएमई किंवा यूएसबी ड्राइव्हचं काय?

एम.२ म्हणजे थेट मदरबोर्डात खोचायचा ड्राइव्ह. त्याला ३.३ व्होल्ट मदरबोर्डवरूनच मिळतात, आणि साध्या बोर्डावर चालू असताना ते तोडणं धोक्याचं आहे. त्याची चाचणी भिंतीकडूनच करा. यूएसबीसाठी प्रत्येक पोर्टची वीज वेगळी तोडू शकणारा हब मिळतो. मात्र काही हब 'तोडली' म्हणतात आणि पोर्टवर ५ व्होल्ट तसेच ठेवतात. आधी मीटर लावून खात्री करा.

यूएसबी खोक्यांबाबत आणखी एक पाहायचं. ड्राइव्ह जोडल्यावर लिनक्सच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) संदेशांत 'अझ्युमिंग ड्राइव्ह कॅश : राइट थ्रू' असं आलं, तर लिनक्सने गृहीत धरलं की ड्राइव्हला कॅशच नाही. मग तो फ्लशचा आदेश पाठवतच नाही. आतल्या ड्राइव्हला कॅश असली तर एफसिंक नुसतं नावापुरतं उरतं. अशा खोक्यातला चांगला ड्राइव्हही नापास होतो. ड्राइव्ह काढून थेट साटावर लावून पुन्हा तपासा, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल.

किती वेळा वीज तोडायची? पाच-दहा वेळा करून चालेल?

दहा वेळा पास झाल्याने फारसं काही सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रातला एक ठोकताळा आहे : 'न' प्रयत्नांत एकदाही चूक झाली नाही, तर ९५ टक्के खात्रीने चुकीचं प्रमाण ३ भागिले 'न' पेक्षा कमी आहे. दहा वेळा पास म्हणजे ३० टक्क्यांपेक्षा कमी, यात समाधान कसलं? ३०० वेळा पास म्हणजे १ टक्क्यापेक्षा कमी. एका फेरीला दोन मिनिटं धरली तर ३०० फेऱ्या १० तासांत होतात, रात्रभर लावून ठेवता येतात.

लिहायला सुरुवात झाल्यापासून तोडण्यापर्यंतचा काळ दर वेळी वेगळा ठेवा, १० ते ६० सेकंदांच्या मध्ये कुठेही. एकाच ठरावीक क्षणी तोडत राहिलात तर ड्राइव्हचं एकच काम पुनःपुन्हा तपासलं जातं. काही फेऱ्यांत लिहिणं थांबल्यावर एक-दोन सेकंदांनी तोडा, कारण ड्राइव्ह तेव्हाच मागे आवराआवर करत असतो.

आणि आपल्याकडच्या लाइटची जी खोड आहे ती चाचणीत आलीच पाहिजे. वादळात लाइट एकदा जाऊन गप्प बसत नाही. फांदी तारेला घासते, फीडर ट्रिप होतो, पुन्हा चालू करतात, पुन्हा ट्रिप. वीज परत आल्यावर एसएसडी आपला नकाशा पुन्हा जुळवत असते, आणि त्याच वेळी दुसरा घाव बसतो. म्हणून ३०० पैकी किमान ५० फेऱ्या जोडघावाच्या करा : तोडा, भार उतरू द्या, जोडा, अर्ध्या ते तीन सेकंदांत पुन्हा तोडा. एकेरी घावात पास होणाऱ्या ड्राइव्हचीही इथे कसोटी लागते.

ड्राइव्ह झिजेल ही भीती नको. सेकंदाला २,००० नोंदी धरल्या तरी ३०० फेऱ्यांत सुमारे ८६ जीबी लिहिलं जातं. ड्राइव्हच्या टीबीडब्ल्यू आकड्यापुढे, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्या आकड्यापुढे, हे किरकोळ आहे.

निकाल कसा वाचायचा?

समजा साक्षीदाराच्या फाइलीत शेवटची ओळ ४८,२१३ आहे. लाइट आल्यावर ड्राइव्हवर ४८,२१३ पर्यंत सगळ्या नोंदी आहेत आणि ४८,२१४ चीही नोंद पूर्ण आहे. हे बरोबर आहे. ती लिहिली गेली, फक्त तिची पोच केबलमधून जायच्या आधी वीज गेली. ४८,२१४ अर्धवट असेल तरी ड्राइव्हला दोष नाही, मात्र तुटण्याची जागा सेक्टरच्या सीमेवर हवी. ५१२ बाइटच्या एकाच सेक्टरमध्ये अर्धा नवा आणि अर्धा जुना मजकूर दिसला, तर तो दोष धरा.

आता दुसरा निकाल. ड्राइव्हवर ४८,१९० वर नोंदी संपतात. म्हणजे पोच दिलेल्या २३ नोंदी गेल्या. ड्राइव्ह फ्लशला खोटं 'झालं' म्हणतो.

तिसरा निकाल सगळ्यात वाईट : ४८,२१३ आहे, ४८,२०५ नाही, ४८,२०४ आहे. क्रमात भोक पडलं. डेटाबेसचा सगळा भरवसा क्रमावर असतो. आधी जर्नल आणि मग मूळ नोंद, हा क्रम मोडला तर डेटाबेस स्वतःला सावरू शकत नाही. शेवटचे व्यवहार गेले तर ते पावत्यांवरून पुन्हा लिहिता येतात. भोकं पडलेली खातेवही कुठून जुळवणार?

वाचताना डेटा ड्राइव्हवरूनच यायला हवा, संगणकाच्या रॅममधून नव्हे. वाचनासाठी डायरेक्ट आयओ वापरा. याशिवाय दर फेरीनंतर ड्राइव्ह ओळखला गेला का, आकार तोच आहे का आणि जागा व्हायला किती सेकंद लागले, हे टिपा. जागं होण्याचा वेळ फेरीगणिक वाढत गेला, तर आत काही तरी साचत आहे. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातली १७४ किंवा १९२ क्रमांकाची, अचानक वीज गेल्याची मोजणी पाहा. एनव्हीएमईत ती 'अनसेफ शटडाउन्स' नावाने असते. तुम्ही ३०० घाव घातले आणि मोजणी ४० नेच वाढली, तर तुमचा रिले तरी नीट तोडत नाही किंवा ड्राइव्हची मोजणी तरी भरवशाची नाही.

एवढं करायला वेळ नाही. पटकन संशय घेण्याजोगी काही खूण आहे?

हार्डडिस्कसाठी आहे. ७,२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. एकाच जागी एका मागोमाग एक, प्रत्येक वेळी एफसिंक करून लिहिलं, तर सेकंदाला १२० च्या आसपासच नोंदी व्हायला हव्यात. पोस्टग्रेस या डेटाबेससोबत मिळणारं 'पीजी टेस्ट एफसिंक' हे मोजून देतं. आकडा हजारांत आला तर मध्ये कुठली तरी कॅश खोटी पोच देते आहे. बॅटरीवाला रेड कंट्रोलर (अनेक ड्राइव्ह एकत्र चालवणारं, बॅटरीवर कॅश टिकवणारं कार्ड) असेल तर मात्र तो आकडा खरा असू शकतो. एसएसडीला हा हिशेब लागू नाही.

'पॉवर लॉस प्रोटेक्शन' असलेली एसएसडी म्हणजे काय? घ्यावी का?

या एसएसडीच्या बोर्डावर टँटलम किंवा पॉलिमर कपॅसिटरांची ओळ असते. वीज गेली की कॅशमधलं सगळं आणि नकाशा लिहून होईपर्यंत ते ड्राइव्हला जागं ठेवतात. हिशेब पाहा : एकूण १,००० मायक्रोफॅरड, १२ व्होल्टला भरलेले आणि ५ व्होल्टपर्यंत वापरता येणारे. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले ०.००१ गुणिले, १४४ वजा २५. उत्तर सुमारे ०.०६ ज्यूल. ड्राइव्ह ५ वॉट खात असेल तर १२ मिलिसेकंद मिळाले. माणसाची पापणीही एवढ्यात लवत नाही, पण चिपवर शेकडो पानं लिहायला हे पुरतं.

पतसंस्था, दवाखाना, ग्रामपंचायत, जिथे एका सर्व्हरवर सगळ्यांचा डेटा आहे, तिथे अशीच एसएसडी घ्या. त्याचा दुसरा फायदा म्हणजे फ्लश लवकर होतो आणि डेटाबेस जलद चालतो. काही साध्या एसएसडींच्या जाहिरातीतही 'पॉवर लॉस' हा शब्द असतो. त्यात बऱ्याचदा फक्त आधी लिहिलेल्या जुन्या डेटाच्या रक्षणाची हमी असते, वाटेतल्या डेटाची नाही. माहितीपत्रक नीट वाचा. शिवाय कपॅसिटरही उतरतात, उष्णतेने लवकर. चांगल्या ड्राइव्हमध्ये त्यांची स्वतःची तपासणी असते आणि निकाल स्मार्टमध्ये दिसतो. तो वर्षातून दोनदा पाहावा.

आमच्याकडे यूपीएस आणि इन्व्हर्टर आहे. मग ही सगळी उठाठेव कशाला?

यूपीएस हवाच. पण तो सगळ्या वाटा अडवत नाही. यूपीएसच्या पुढे एसएमपीएस आहे, कनेक्टर आहेत, आणि पाय अडकून निघणारी वायरही आहे. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, बंद, उकाड्याच्या खोलीत त्याआधीच. ती थकल्याचं कळतं ते लाइट गेल्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावांत आठवड्यांमागून आठवडे लाइट नव्हती. तिथे कुठलाही यूपीएस शेवटी रिकामाच होतो.

म्हणून यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडून, बॅटरी अर्ध्यावर आली की संगणक आपोआप नीट बंद होईल असं लावा. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक असेल तर मागचा खटका 'यूपीएस' बाजूला हवा. दुसऱ्या बाजूला असेल तर बदलायला जास्त वेळ लागतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगांत) 'वीज परत आल्यावर' या सेटिंगला 'बंदच राहा' निवडा, किंवा फ्रिजला लावतात तसा तीन ते पाच मिनिटांचा डिले टायमर लावा. वर सांगितलेल्या जोडघावाला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

ड्राइव्ह नापास झाला. फेकून द्यायचा?

आधी फर्मवेअर नवं आहे का ते पाहा आणि केबल बदला. मग राइट कॅश बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्या. लिनक्समध्ये 'एचडीपार्म'ने बंद होते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरात ड्राइव्हच्या 'पॉलिसीज' पानावर पहिली खूण काढायची. त्याच पानावर दुसरी एक खूण आहे, जी विंडोजला फ्लश पाठवूच नको असं सांगते. वेग वाढावा म्हणून ती कोणी लावून ठेवली असेल तर आजच काढा. हार्डडिस्क कॅश बंद केल्यावर बहुधा सुधारते, वेग मात्र बराच पडतो. एसएसडीत तेवढ्याने भागेलच असं नाही.

डेटाबेसची सेटिंगंही बघा. पोस्टग्रेसमध्ये 'एफसिंक' आणि 'फुल पेज राइट्स' चालू हवं. मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट ट्रान्झॅक्शन कमिट' १ वर. एसक्यूलाइटमध्ये 'सिंक्रोनस' पूर्ण. वॉल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या नोंदवहीत लिहिण्याच्या) ते 'नॉर्मल'वर असेल तर डेटाबेस मोडत नाही, पण शेवटचे काही व्यवहार मागे जाऊ शकतात.

क्रमात भोकं पाडणारा किंवा जुना डेटा बिघडवणारा ड्राइव्ह मात्र कुठल्याच सेटिंगने सुधारत नाही. त्यावर सिनेमे ठेवा, हिशेब नको.

खाऱ्या हवेचा याच्याशी काही संबंध?

फार जवळचा. जेटीजवळच्या किंवा खाडीकाठच्या खोलीत दोन पावसाळे काढलेला साटा पॉवर कनेक्टर काढून उजेडात धरा. सोनेरी पट्ट्यांवर करडी साय दिसेल, कडेला हिरवट ठिपके. त्या सायीमुळे जोडाचा रोध वाढतो. ०.३ ओहम वाढला आणि ड्राइव्हने १.५ अँपिअर खेचले, तर ०.४५ व्होल्ट तिथेच गेले आणि ड्राइव्हला ४.५५ मिळाले. मर्यादा ४.७५ ची आहे. म्हणजे लाइट न जाताच, जोरात लिहायला लागला की ड्राइव्हपुरती लाइट जाते. लोक म्हणतात ड्राइव्ह खराब, आणि नव्या ड्राइव्हलाही तोच कनेक्टर लावतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, चार-पाच वेळा काढ-घाल करा. पॉलिश पेपरने घासू नका, सोन्याचा मुलामा जातो. मोलेक्सपासून (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) साटा करणारी ओतीव प्लास्टिकची स्वस्त केबल वापरू नका, ती आतून तापून जळू शकते. स्मार्टमधली १९९ क्रमांकाची सीआरसी मोजणी वाढत असेल तर डेटा केबल बदला.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची चाचणी कशी घ्यायची? तिथे स्क्रिप्ट चालत नाही.

कॅमेऱ्यासमोर सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ धरा. रेकॉर्डिंग सुरू असताना प्लग काढा, त्या क्षणाचा वेळ कागदावर लिहा. परत चालू करून शेवटचं चित्र कोणत्या सेकंदाचं आहे ते पाहा. असं २० वेळा. शेवटची काही सेकंदं ते एखादं मिनिट जाणं स्वाभाविक आहे. पण दर वेळी वेगळंच अंतर जात असेल, किंवा आधीचा अख्खा तास दिसेनासा झाला, तर अनुक्रमणिका बिघडते आहे. डीव्हीआरचं घड्याळही तपासा. बोर्डावरचा सेल उतरला असेल तर लाइट गेल्यावर तारीख मागे जाते आणि नवं रेकॉर्डिंग भलत्याच दिवशी जाऊन बसतं.

रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा संगणक) किंवा मेमरी कार्डावर चालणारी यंत्रणा?

मेमरी कार्ड हे यातलं सगळ्यात नाजूक. कार्डाला कपॅसिटर नाहीत, आणि बहुतेकांवर आतली स्थिती दाखवणारं स्मार्टही नाही. उपाय असा की मूळ सिस्टिम 'ओव्हरले' (बदल कार्डावर न लिहिता रॅममध्ये ठेवणारी सोय) लावून फक्त वाचनासाठी ठेवायची, आणि नोंदी वेगळ्या ड्राइव्हवर लिहायच्या. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याची सूचना रास्पबेरी पायला मिळते, ती लॉगमध्ये शोधा. होडीवर इंजिनाच्या बॅटरीवरून वीज घेतली असेल तर स्टार्टर मारताना १२ व्होल्टची लाइन क्षणभर बरीच खाली बसते. यंत्रणेला वेगळी बॅटरी द्या आणि चाचणी स्टार्टर मारूनच घ्या, २० वेळा.

स्वस्तातला मोठा पेनड्राइव्ह किंवा कार्ड घेतलं आहे. त्याला ही चाचणी लावू का?

आधी 'एफ३' किंवा विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' चालवून खरी जागा किती आहे ते पाहा. २५६ जीबी छापलेल्या कार्डात ३२ च निघाले, तर वीज तोडायची वेळच येत नाही.

पुन्हा चाचणी कधी घ्यायची?

फर्मवेअर बदललं की, यूएसबी खोकं किंवा कंट्रोलर बदलला की, आणि त्याच मॉडेलचा नवा ड्राइव्ह आणला की. तेच नाव ठेवून आतली चिप किंवा कंट्रोलर बदललेला असू शकतो. म्हणून लेबलवरचा फर्मवेअर क्रमांक चाचणीच्या वहीत लिहून ठेवा, सोबत तारीख, फेऱ्यांची संख्या, एकेरी किती आणि जोडघाव किती, हरवलेल्या नोंदी, आणि वीज भिंतीकडून तोडली की वायरीकडून. चाचणी झालेल्या ड्राइव्हवर खरा डेटा चढवण्याआधी तो पूर्ण पुसून घ्या, आणि त्या डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, जोत्यापेक्षा उंच ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर ठेवलेल्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात जाण्याचा धोका होता.